वाया गेलेल्या चार फिल्म

दिनांक १२ जून १९९८, रक्कम रुपये एकशे ब्याण्णव. आमच्या तपासणी केंद्राच्या वाया मालाच्या वहीत ही नोंद माझ्या अक्षरात आहे. दहा बाय बाराच्या चार फिल्म, प्रत्येकी अठ्ठेचाळीस रुपये, कारण 'रुग्ण हलला'. रुग्णाच्या नावाचा रकाना कोरा. खाली सही दाजींची.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते केंद्रात एक्स-रे काढायचे आणि मी हिशेब बघायचो. मला तिथं चिकटवलं त्यांनीच. केंद्रात त्यांना सगळे 'हलू नका' म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. शिपाई जिन्यातून ओरडायचा, "हलू नका, चहा आला!" आणि दाजी डार्करूमच्या काळ्या पडद्यातून हात पुसत बाहेर यायचे. त्यांना त्यात काही वाटायचं नाही. दिवसातून पन्नास वेळा ते तेवढंच तर बोलायचे.

सव्वीस वर्षांत त्यांची नजर अशी बसली होती की माणूस दारातून आत आला की त्याच्या जाडीवरून मशीनचे आकडे त्यांच्या डोक्यात तयार व्हायचे. एका समारंभात मी त्यांची आमच्या हिशेब खात्याच्या नव्या साहेबांशी ओळख करून दिली. साहेब नमस्कार करून पुढे गेल्यावर दाजी त्यांच्या पोटाकडे बघत मला हळूच म्हणाले, "याला ऐंशीच्या खाली भागायचं नाही." मला हसू आवरेना. साहेबांनी वळून बघितलं, तर दाजी गंभीर चेहऱ्यानं छताकडे बघत उभे.

त्यांचा एक नियम होता. खराब आलेली फिल्म डार्करूमच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. डॉक्टरांच्या हातात पडेल ती स्वच्छच. हात थरथरला, श्वास सुटला, फिल्मची कॅसेट सरकली, काहीही झालं तरी फोटो पुन्हा घ्यायचा आणि पहिला पत्र्याच्या पेटीत टाकायचा. महिनाअखेरीस फिल्ममधल्या चांदीसाठी एक माणूस ती पेटी रिकामी करून न्यायचा. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणायचे की यांच्या फिल्मवर हाडं कोरल्यासारखी दिसतात. फिल्मवर काय दिसतंय याबद्दल मात्र दाजी चकार शब्द काढत नसत. पेशंटनं फारच गळ घातली तर म्हणायचे, "मी काढणारा. वाचणारे वर बसतात."

ताई त्यांच्या अगदी उलट. पहिलीच्या वर्गाला शिकवायची, आणि घरी आल्यावरही तिचा वर्ग चालूच असायचा. हात हलवल्याशिवाय तिला बोलता यायचं नाही आणि बोलल्याशिवाय राहता यायचं नाही. घरातल्या अल्बममध्ये सगळे जागच्या जागी, ताई तेवढी पुसट. कुठं मान वळलेली, कुठं हाताच्या जागी पांढरा धूर. दाजी म्हणायचे, "हिचा फोटो काढणारा अजून जन्माला यायचाय." ती म्हणायची, "तुम्ही जन्मभर दगडासारखे बसलात, कुणीतरी हलायला नको का घरात?"

त्या वर्षी फेब्रुवारीत तिचे घोटे दुखायला लागले. मग नडग्या, मग मनगटं. पायांना हात लावला तर गरम लागायचे. घरच्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून सांगितलं. चाळिशी उलटलेली, दिवसभर फळ्यासमोर उभं राहणं, आणखी काय असणार? गोळ्या सुरू झाल्या. शाळेतून आली की ती जमिनीवर आडवी होऊन पाय भिंतीला वर टेकवायची. तेवढ्यानंच आराम पडायचा. तशा अवस्थेतच ती वह्या तपासायची आणि मी गेलो की म्हणायची, "ये, बस. माझ्या पायांशी बोल, तोंड वह्यांत आहे."

बोटंही जाड झाली होती. टोकांना फुगल्यासारखी. लग्नातली अंगठी निघेना, तेव्हा दाजींनी आमच्या प्लास्टरवाल्याकडून कटर आणून ती कापली. नखं वाकून गोल झाली होती. "माझी नखं बघ, पोपटाच्या चोचीसारखी," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "बोलतेसही तशीच." आम्ही तिघंही हसलो.

अकरा जूनला संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर दाजींनी तिला केंद्रात बोलावून घेतलं. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. पाय इतका दुखतोय तर हाडाला काही झालं नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी घरी गेलो होतो. पुढचं मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि ते तंतोतंत जुळतं.

तिला टेबलावर झोपवून त्यांनी उजव्या पायाचा फोटो घेतला. डार्करूममध्ये गेले, ओली फिल्म हातात धरून बाहेर आले.

"हललीस तू."

"नाही हो."

"दोन रेघा आल्यात. हललीस."

दुसरा घेतला. तेच. डावा पाय घेतला. तेच. चौथ्या वेळी त्यांनी तिचं पाऊल स्वतःच्या हातानं नीट लावलं, दोनदा सांगितलं, आणि तरीही फिल्मवर हाडाच्या कडेला बारीक दुसरी कड. ते चिडलेच. ताई उठून बसली आणि म्हणाली, "बरं, हलले असेन. मला कुठं जमतंय गप्प पडून राहायला." मग ते निवळले. म्हणाले, "जाऊ दे. हाड शाबूत आहे. संधिवातच आहे तो." चारही फिल्म पेटीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साठा मोजताना मला चार कमी आल्या. मी वही घेऊन खाली गेलो.

"दाजी, चार फिल्म कुणाच्या नावावर?"

"वाया गेल्या."

"वहीत नावाचा रकाना आहे."

"मग कोरा ठेव ना. रकाना काय रडणार आहे का?"

पेटी उघडीच होती. मी वरची एक फिल्म उचलून खिडकीकडे धरली. नडगीचं हाड, आणि त्याच्या कडेकडेनं एक बारीक रेघ, लहान मुलानं एकदा गिरवलेल्या अक्षराशेजारून पुन्हा पेन्सिल फिरवावी तशी.

"चांगली तर आलीये की," मी म्हटलं.

त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुला काय कळतंय त्यातलं? तू आकडे बघ."

मी आकडे लिहिले, त्यांची सही घेतली. फिल्म कुणाच्या पायाची हे मी विचारलं नाही. महिनाअखेरीस पेटी रिकामी झाली.

पावसाळा गेला. गोळ्या दोनदा बदलल्या. ताई जिना एकेक पायरी करून चढायला लागली. नोव्हेंबरात कोरडा खोकला सुरू झाला आणि तो खडूच्या भुकटीच्या माथी मारला गेला. दाजींनी तिच्यासाठी कुठून तरी भुकटी न उडणारे खडू पैदा केले, खोकंभर. ती वर्गात सांगायची, "हे आमच्या घरचे खडू आहेत, जपून वापरा."

जानेवारीपासून दर बुधवारी केंद्रात छातीच्या एक डॉक्टरबाई येऊ लागल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. वीस जानेवारीला दाजी चष्मा घरी विसरले म्हणून ताई शाळेतून परस्पर तो द्यायला आली. डॉक्टरबाई काउंटरपाशी उभ्या होत्या. मीही बिलावर त्यांची सही घ्यायला तिथंच होतो. ताईनं चष्मा पुढं केला आणि बाईंची नजर तिच्या बोटांवर थांबली.

"मावशी, हात बघू जरा."

"भविष्य बघता का? बघा, बघा. नवरा बदलून मिळेल का तेवढं सांगा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ताईला दोन्ही हातांची एकेक बोटं नखाला नख लावून धरायला सांगितलं. आपण तसं केलं की नखांच्या मुळाशी मधे एक बारीक फट दिसते. ताईच्या बोटांत फट नव्हती. मग सांधे कधीपासून दुखतात, खोकला किती दिवस, वजन उतरलं का, असे प्रश्न. ताईचं बोलणं हळूहळू आखूड होत गेलं. शेवटी बाईंनी चिठ्ठी लिहिली: पायाचा आणि छातीचा एक्स-रे, आत्ताच.

दाजींनी आधी पायाचा घेतला. चार-पाच मिनिटांनी ओली फिल्म घेऊन डार्करूमच्या दारात आले आणि तिथूनच म्हणाले, "पुन्हा घेतो. हललीये."

"बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"खराब आहे, मॅडम. दुसरी देतो."

"बघू तर."

त्यांनी फिल्म घेऊन दिव्याच्या पेटीवर लावली. पाणी खाली ठिबकत होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग पेनाचं टोक काचेजवळ नेऊन म्हणाल्या, "ही हललेली नाही. हलली असती तर आतली कडही पुसली गेली असती. आतली बघा, केसासारखी आहे. ही बाहेरची वेगळी रेघ आहे."

मी विचारलं, "म्हणजे काय हो?"

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. हाडावर फळाच्या सालीसारखं एक पातळ आवरण असतं. कधीकधी आजार असतो भलतीकडेच, बहुतेक वेळा फुफ्फुसात, क्वचित हृदयात, यकृतात किंवा आतड्यात, आणि सुजतं मात्र हे आवरण. सुजून हाडावर नवा थर धरतं. बोटांची टोकं फुगतात, नखं वाकतात, पाय ठणकतात. लोक त्याला संधिवात समजतात. "पायात काही नाही," त्या म्हणाल्या. "पाय नुसता सांगतोय. छातीचा घ्या."

दाजी आत गेले. दार अर्धवट उघडं होतं. मला ताई पाठमोरी दिसत होती, छाती प्लेटला टेकवून, हात कमरेवर. दाजी तिचे खांदे पुढं करत होते. मग ते आडोशाला गेले आणि तिथून त्यांचा आवाज आला, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. ताईला हसू फुटलं. "अहोजाहो काय करताय?" ती म्हणाली. त्यामुळे पुन्हा श्वास घ्यावा लागला.

उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. पुढच्या दहा दिवसांत बाकीच्या तपासण्या झाल्या. गाठ छातीच्या मधल्या ग्रंथींपर्यंत पोचली होती. ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नव्हतं. ताईनं जन्मभर विडी-सिगारेटच्या धुराच्या आसपास उभं राहणंसुद्धा टाळलेलं.

मी डॉक्टरबाईंना एकटं गाठून विचारलं, "सात महिने आधी कळलं असतं तर?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "का विचारताय?"

"सहज."

"कदाचित काढता आली असती. गाठ काढली की पायांचं दुखणं कधीकधी आठवड्यात थांबतं. पण कदाचित म्हणतेय मी."

मी वर येऊन वाया मालाची वही उघडली. कोरा रकाना कुणाचा ते आता मला विचारावं लागणार नव्हतं.

औषधं सुरू झाली. ताईनं शाळेतून रजा घेतली. त्यांची लेक परगावी शिकायला होती, ती अधूनमधून येऊन जायची. शेजारच्या, शाळेतल्या बायका बघायला यायच्या आणि ती गादीवर बसून त्यांनाच हसवायची. तिचा एक ठरलेला किस्सा होता. "अहो, आमच्यांनी गेल्या जूनमध्येच फोटो काढले होते पायाचे, चार-चार! पण मी मेली एका जागी राहीन तर ना. सारखी हलले. सगळे बिघडवले. नाहीतर तेव्हाच नसतं का कळलं?" बायका चुकचुकायच्या. ताईनं हा किस्सा सुरू केला की दाजी उठून गॅलरीत जायचे आणि वाळत घातलेले कपडे चाचपत उभे राहायचे. ओले असले तरी काढून आणायचे.

एकदा मी त्यांच्या मागोमाग गेलो. म्हटलं, "दाजी, ती स्वतःला बोल लावतेय."

"ऐकतोय मी."

"मग?"

"मग काय? सांगू तिला? आता? त्यानं तिचा एक दिवस तरी वाढणार आहे का?"

केंद्रात त्यांचं काम चालू होतं, पण फोटो पहिल्यासारखे येत नव्हते. एकाच पेशंटच्या तीन-तीन फिल्म घ्यायचे आणि बऱ्या-वाईट सगळ्याच वर पाठवायचे. वरून निरोप आला, खराब फिल्म कशाला पाठवता? दाजी म्हणाले, "तुम्हीच ठरवा खराब कुठली ते." शिपायानं 'हलू नका' म्हणणं आपणहून बंद केलं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी तिकडे गेलो होतो. ताईला बोलताना धाप लागत होती, त्यामुळे घर शांत होतं. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. मधे नुसता पडदा. दाजी तिच्या पायांना तेल लावत होते. तिला ते आवडायचं.

अचानक दाजी म्हणाले, "तू हलली नव्हतीस."

पडद्याआड ताईच्या बांगड्या वाजल्या.

"जूनमध्ये. चारही वेळा. तू हलली नव्हतीस. आतली कड स्वच्छ होती. मला दिसली होती ती. दुसऱ्या कुणाची फिल्म असती ना, तर चिठ्ठी नसली तरी वर घेऊन गेलो असतो. विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. तुझी होती म्हणून... मला ते काही असायला नको होतं. म्हणून तूच हललीस म्हटलं."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तसाच उभा राहिलो.

ताईनं धाप आवरली. मग सावकाश म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"मी हलले नव्हते ते. अहो, पाय माझा होता. चौथ्या वेळी तर मी पापणीसुद्धा हलवली नाही. आकडे मोजत पडले होते."

"मग तसं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके घाबरला होतात," ताई म्हणाली. "असं तोंड मी तुमचं कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, मीच हलले असं झालं तर बरं वाटेल तुम्हाला. आणि वाटलं की तुम्हाला बरं. घरी येताना शीळ वाजवत होतात."

त्यानंतर आला तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. दाजी रडत होते. ताई म्हणत होती, "पुरे आता. तेल सांडतंय." आणि जरा वेळानं, "लेकीला सांगू नका हं. तिला सांगा, आई हलली. ती मला रागावेल आणि विसरेल. तुमच्यावर रागावली तर नाही विसरायची."

दाजींनी हो म्हटलं. मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

एप्रिलात तिला उशीवर उशी रचूनही पाय हवे तेवढे उंच मिळेनात, म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गादीवाल्याकडून एक उतरता तक्क्या शिवून घेतला. तो स्वतः खांद्यावरून घेऊन आला, पायांखाली लावून बघितला, एका बाजूचा कापूस कमी करून पुन्हा टाके घातले. मी दोनशे दिले, ऐंशी कमी पडले. मी पाकीट शोधायला लागलो तर म्हणाला, "राहू द्या. बाई हिंडाफिरायला लागल्या की द्या. त्यांच्याच हातानं द्या." त्याची दोन्ही मुलं ताईच्या वर्गात शिकली होती.

त्या तक्क्यावर ती अकरा दिवस होती. एकवीस एप्रिलला सकाळी साडेनऊला गेली. लेक दोन दिवस आधीच आली होती. शेवटच्या तासाभरात ताईचे हात चादरीवर सारखे काहीतरी चाचपत होते, आणि मग ते थांबले.

आठवड्यानं लेक परत निघाली. बॅग भरता भरता ती म्हणाली, "मामा, बाबा एक्स-रेमध्ये, तू तिथंच, आणि आईचं वर्षभर कुणाला कळू नये? ती म्हणायची मी हलले. इतकं कुणी हलतं का?"

मी दाजींकडे बघितलं. ते खुर्चीत बसले होते. त्यांनी नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं. शब्द दिलेला होता, देणारा आणि घेणारी दोघांच्याही भल्याचा होता, आणि साक्षीदार फक्त मी.

"नाही हलली ती," दाजी म्हणाले. मग सगळं सांगितलं, आतल्या कडेसकट. मी मधे बोलायला गेलो तर हातानं थांबवलं. म्हणाले, "तिच्यावर नको."

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. बॅगेची चेन ओढली, चपला घातल्या आणि गेली. दुपारची गाडी होती, तिनं अकराची धरली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दाजींनी मुदतीआधी नोकरी सोडली. केंद्रात फिल्म राहिल्या नाहीत, फोटो आता पडद्यावर दिसतात. वाया मालाची वही बंद झाली. मला निवृत्त व्हायला चार महिने आहेत. लेक दर महिन्याला मला फोन करते आणि बोलणं संपता संपता विचारते, "तिकडे ठीक आहे ना?" मी ठीक आहे म्हणतो. दाजी विचारतात, "तिचा आला होता का?" मी हो म्हणतो. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं अजून झालेलं नाही. दाजी अठ्ठ्याहत्तरचे आहेत.

गादीवाल्यानं ते पैसे पुन्हा कधी मागितले नाहीत. मी दोनदा दुकानापर्यंत जाऊन परत आलो. नंतर ते दुकान हललं, आता तो बाजारामागच्या रस्त्याला बसतो. ऐंशी रुपये द्यायचे बाकी आहेत.